जुन्या गाडीचं इंजिन माउंटिंग मजबूत करायचंय, सल्ला हवा

मागचीचाकं: मंडळी, गाडी साठच्या दशकातली, व्ही-८ इंजिन, ताकद मागच्या चाकांना. इंजिन नव्याने बांधून मोठा कार्बोरेटर बसवल्यापासून क्लच जरा जोरात सोडला की बोनेटखाली 'धाड्' असा आवाज होतो. बोनेट उघडून पाहिलं तर इंजिन डावीकडून वर उचललं जातंय. गाडी फक्त रस्त्यावर चालवतो, शर्यतीत नाही. मेकॅनिक म्हणतो, माउंटिंगमधलं (चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, इंजिन ज्यावर बसतं त्या आधारातलं) रबर काढून सरळ लोखंडी माउंटिंग टाका. टाकू का?

पाना१४: लोखंडी नको. रस्त्यावरच्या गाडीत इंजिनाची सगळी थरथर चेसिसमध्ये उतरते. आरसे, डॅशबोर्ड, स्टिअरिंग, सगळं थरथरायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे पुढे लोखंड आणि मागे गिअरबॉक्सखालीही लोखंड असं ठेवलं, तर चेसिसचा पीळ सरळ इंजिन-गिअरबॉक्सवर येतो आणि गिअरबॉक्सच्या कव्हरला तडा जाऊ शकतो.

डावी बाजूच का उचलते ते आधी बघा. क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) समोरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून ब्लॉक (इंजिनाचा मुख्य भाग) उलट दिशेने वळू पाहतो. चालकाच्या डावीकडचं रबर ताणलं जातं, उजवीकडचं दबतं. रबर दाब चांगला सोसतं, ताण नाही. त्यामुळे फाटतं ते बहुधा डावीकडचंच.

हे हलक्यात घेऊ नका. शेवरोलेने १९७१ मध्ये १९६५ ते १९६९ च्या सुमारे ६७ लाख गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या होत्या. माउंटिंग फाटलं की इंजिन उचलायचं आणि सोबत ॲक्सिलरेटरचं लिंकेज (पेडलपासून कार्बोरेटरपर्यंतची जोडणी) ओढलं जाऊन थ्रॉटल (कार्बोरेटरमधली झडप) उघडा राहायचा. कंपनीने उपाय काय केला? इंजिन उचलू नये म्हणून एक तारेचा दोर बांधून दिला.

तुम्हीही तेच करा. दोन्ही बाजूंना नवं, चांगल्या प्रतीचं रबर टाका. मिळत असेल तर इंटरलॉकिंग प्रकारचं घ्या, ज्यात रबर फाटलं तरी दोन्ही पत्रे एकमेकांत अडकून राहतात. शिवाय इंजिन उचलू नये म्हणून दोराच्या जागी डावीकडे साखळी.

कार्बवाला: माझं मत थोडं वेगळं. ताकद बरीच वाढवली असेल तर पॉलियुरेथेन घ्या. रबरापेक्षा बरंच कडक असतं, तेलाने फुगत नाही. निवांत चालू असताना थरथर थोडी जास्त जाणवेल, पण क्लचचा गचका जातो. मात्र एक्झॉस्टच्या जवळ असेल तर मध्ये उष्णतेचा पत्रा लावाच.

मागचीचाकं: साखळी किती सैल ठेवायची? आणि बांधायची कुठे?

पाना१४: वरचं टोक सिलिंडर हेडच्या पुढच्या रिकाम्या बोल्टच्या भोकाला, खालचं चेसिसला. पातळ पत्र्याला कधीच नाही. दोन्हीकडे ८.८ ग्रेडचे बोल्ट. इंजिन निवांत चालू असताना साखळी किंचित सैल हवी, नाहीतर थरथर तिच्यातूनच चेसिसला जाईल. पण इतकीही सैल नको की इंजिन उचलल्यावर पंखा रेडिएटरला लागेल. ते अंतर आधी मोजा, मग साखळी कापा.

कार्बवाला म्हणतात ते पॉलियुरेथेनही चालेल, पण मग गिअरबॉक्सखालचं माउंटिंगही त्याच जोडीचं घ्या.

रबर बदलताना सम्पखाली (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) जाड लाकडी फळी ठेवून मगच जॅक लावा, नाहीतर सम्प चेपेल. जुनं रबर निघालं की चेसिसवरचा ब्रॅकेट घासून स्वच्छ करा आणि वेल्डिंगच्या कडा नीट तपासा. अशा गाड्यांत तडा तिथेच लपलेला असतो, आणि तडा गेलेल्या ब्रॅकेटवर कितीही भारी माउंटिंग बसवलं तरी आवाज येतच राहतो. तडा दिसला तर बॅटरीची वायर काढून वेल्डिंग करा आणि कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी द्या.

कार्बवाला: डाव्या माउंटिंगवर तेल ठिबकतंय का तेही बघा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गळत असेल तर नवं रबरही लवकर मऊ पडतं. आधी गॅस्केट, मग रबर.

मागचीचाकं: गॅस्केट गळतंय खरं. ते आधी बदलतो, मग रबर आणि साखळी. लिंकेज दांडीचं आहे, ते केबलचं करावं का?

पाना१४: जरूर करा. केबलला थोडी ढील ठेवा, इंजिन हललं तरी थ्रॉटल ओढला जाणार नाही. आणि कार्बोरेटरवर परतीची दुसरी स्प्रिंग लावा.