मदत हवी आहे: खतनाबद्दल बायकांशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. पुण्यात आम्ही चौघीजणी बायकांच्या आरोग्यावर बैठका घेतो. पाळी, अंगावरून पांढरं जाणं, अंगात रक्त कमी असणं, हे नेहमीचे विषय. गेल्या महिन्यात बैठक संपल्यावर एक बोहरा ताई मागे थांबल्या. रिद्याची (बोहरा बायकांच्या पोशाखाची) लेस बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मुलीला सातवं लागलंय. सासूबाई खतना करून घे म्हणतात. माझं केलं तो दिवस मी अजून विसरले नाही."

मी नुसता त्यांचा हात धरला. पुढे काय बोलावं सुचेना. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

दाऊदी बोहरा समाजात साधारण सातव्या वर्षी मुलीच्या क्लिटोरिसवरची त्वचा कापतात, यालाच खतना म्हणतात. याचा आरोग्याला काडीचाही फायदा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आपल्याकडे याविरुद्ध वेगळा कायदा नाही. यावर बंदी मागणारी २०१७ ची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनापीठाकडे सोपवली.

खतना थांबवण्यासाठी झटणाऱ्या 'सहियो' या संस्थेचं काम मला माहीत आहे. पण प्रत्यक्ष घरात, सासूबाईंसमोर, सुरुवात कुठून करायची? मी बाहेरची. समाजाला नावं ठेवतेय असं वाटलं तर दार कायमचं बंद होईल.

कुणी असं काम केलंय का? गुजरातीतलं सोपं माहितीपत्रक आणि पुण्यातल्या, न रागावता समजावून सांगणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञ हव्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीत मुलीला मुंबईला नेणार आहेत, म्हणून जरा लवकर कळवा.