जुनी पुस्तकं वाचताना दर ओळीला शब्दकोश उघडायचा का?

बाणस्तारी_पूल
नमस्कार मंडळी. मी फोंड्याची, रोज पणजीला कदंबच्या बसने जाऊन येऊन, त्या वेळात जुनी मराठी पुस्तकं वाचायला घेतलीत. घरात कोकणी, चौथीपर्यंत शाळा मराठीतून, पाचवीपासून सगळं इंग्रजी, त्यामुळे मराठी म्हणजे पेपर आणि जत्रेतली नाटकं एवढीच. आता दर पानाला सात-आठ शब्द अडतात, मग मोबाईल काढा, टाईप करा, तेवढ्यात कुणाचा तरी मेसेज दिसतो आणि झालं, बाणस्तारीचा पूल मागे गेला तरी मी त्याच पानावर. बरं एवढं करून लक्षात राहतं का, तर नाही. 'तजवीज' मी चारदा तरी बघितला असेन. वही पण केली, शब्द आणि समोर अर्थ, दोनशे झाले, आता ती उघडायचाच कंटाळा येतो. परवा तर कहर झाला, म्हातारा सोप्यावर बसला होता असं वाचलं आणि मी सोफा समजून पुढे गेले, छपाईची चूक असेल म्हणून! शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यात सोफा. तुम्ही लोक कसं करता?

अर्धा_चाय
सोफा वाचून हसून हसून मेलो. ताई, आपल्याकडे जुन्या घरांना पुढे बसायला सोपो असतो ना, घरच्यांना विचारलं असतं तर मोबाईल लागलाच नसता. तिकडचा सोपा म्हणजे ओसरी.
मी पानाला दोनच शब्द बघतो, ज्यांच्यावाचून गोष्टच कळत नाही ते. बाकीच्यांना पेन्सिलीने टिंब आणि पुढे (लायब्ररीच्या पुस्तकाला नको हां). तो शब्द परत भेटला तर बघायचा, नाही भेटला तर त्याचं काय लोणचं घालायचंय?

निवृत्त मास्तर, डिचोली
पेन्सिलीचं ठीक, पण आधी अंदाज करा मग कोश उघडा. चुकलेला अंदाज जास्त लक्षात राहतो, सोप्याचा अर्थ तुम्ही आता जन्मात विसरणार नाही. आणि वहीत अर्थ नका लिहू, पुस्तकातलं अख्खं वाक्य उतरवा, शब्द एकटा ठेवला की मरतो.
दुसरं म्हणजे पुष्कळांना शब्द सापडत नाही कारण पुस्तकात असतो तसाच टाईप करतात. 'सोप्यावर' कोशात कसा मिळेल, मूळ रूप सोपा शोधायला हवं. मोल्सवर्थचा कोश नेटवर फुकट आहे, पण त्याची १८५७ची आवृत्ती जुन्या लेखनाची, तिथे 'करणे' नसून 'करणें', अनुस्वार राहिला तर शोध रिकामा येऊ शकतो. शिवाय अर्थ इंग्रजीत. मराठीतून अर्थ हवा तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. कागदी कोश चाळायचे असतील तर पणजीत पाटोवरची सेंट्रल लायब्ररी तिथल्या बसस्टँडवरून चालत जाण्यासारखी आहे.
आणि जे शब्द येतात असं वाटतं तेही कधीतरी बघा हो. गाशा गुंडाळला म्हणतो आपण, गाशा म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं कापड. अजागळ म्हणजे गबाळा, पण मुळात शेळीच्या गळ्याला लोंबणारे ते निरुपयोगी सड. कितीतरी पोरांना वर्गात अजागळ म्हटलं मी, अर्थ मात्र रिटायर झाल्यावर बघितला.

कुळागर
मास्तरांशी सहमत, फक्त एक. कोकणीवाल्यांना अर्धी मराठी फुकटात मिळते. अभंगातलं उदक इतरांना कोशात बघावं लागेल, आपल्या घरी ते तांब्यात असतं. वेगीं म्हणजे आपलं बेगीन, रांधणे म्हणजे रांदप. पण याच भरवशावर आपटायलाही होतं. माझ्या काकांना खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतातल्या, बांधाचं मानस, पाणी आत-बाहेर सोडायचं दार ते, एवढंच माहीत, कवितेत कवीचं मानस भरून आलं वाचून म्हणतात, भरती आली वाटतं!

बाणस्तारी_पूल
काकांना नमस्कार सांगा, माझ्या सोफ्याला जोडीदार मिळाला.
तीन दिवस टिंबं करून बघितली, काल एका फेरीत अकरा पानं झाली. वही नवीन केली, वाक्यांची. आणि आज कंडक्टरला म्हटलं, सुट्ट्या पैशांची तजवीज करून आलेय हो. त्याने वर बघितलंसुद्धा नाही, तिकीट फाडून दिलं.
मास्तर, 'रुजवात' म्हणजे रुजण्याशी काही संबंध असावा असा माझा अंदाज आहे. अजून कोश उघडलेला नाही.

निवृत्त मास्तर, डिचोली
चुकलात. आता उघडा.