मदत हवी आहे: सांडणीने अँटिबॉडी भरपूर दिल्या, पण भलत्याच प्रथिनाविरुद्ध

कूर्चिका

नमस्कार मंडळी. पहिलाच धागा आहे, लांबण लागली तर सांभाळून घ्या. पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, फेलोशिपचे आठ महिने उरलेत आणि गाडी चिखलात रुतलीय.

काम काय, ते आधी सांगते. अकॉन्ड्रोप्लेजिया हा हातपाय आखूड राहून उंची खुंटण्याचा जनुकीय आजार. बहुतेक सगळ्या रुग्णांत कारण एकच असतं. एफजीएफआर३ नावाच्या रिसेप्टरमध्ये, म्हणजे बाहेरचा संदेश पेशीच्या आत पोचवणाऱ्या प्रथिनामध्ये, ३८० क्रमांकाच्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन येतं. हा रिसेप्टर म्हणजे हाडांच्या वाढीचा ब्रेक. या बदलामुळे ब्रेकवरचा पाय निघतच नाही, आणि ग्रोथ प्लेटमधल्या कूर्चापेशींची वाढ मंदावते. रिसेप्टरच्या बाहेरच्या भागाला घट्ट धरून त्याला गप्प करणारी नॅनोबॉडी शोधणं हा माझा विषय.

नॅनोबॉडी कधी ऐकली नसेल त्यांच्यासाठी: आपली नेहमीची अँटिबॉडी दोन जड आणि दोन हलक्या साखळ्यांची, वजन साधारण १५० किलोडाल्टन. उंट, लामा, अल्पाका यांच्या रक्तात या असतातच, शिवाय हलक्या साखळ्या मुळातच नसलेल्या अँटिबॉडीही असतात. ब्रसेल्सला रेमंड हॅमर्स यांच्या विभागात विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलला फ्रीजरमध्ये पडून असलेलं उंटाचं सीरम वापरलं, तेव्हा हे प्रकरण उघडकीला आलं. १९९३ साली ते 'नेचर'मध्ये छापून आलं. अशा अँटिबॉडीचं फक्त पकडणारं टोक वेगळं काढलं की जेमतेम १५ किलोडाल्टनचा तुकडा उरतो, तीच नॅनोबॉडी. यातलं पहिलं औषध कॅप्लासिझुमॅब. रक्तात गुठळ्या करणाऱ्या एका दुर्मिळ आजारासाठी त्याला युरोपात २०१८ला आणि अमेरिकेत २०१९ला परवानगी मिळाली.

आता माझी रड. राजस्थानात एका सांडणीला आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शनं मानेच्या कातडीखाली दिली. परवानग्यांतच वर्ष गेलं होतं, कारण मोठा प्राणी म्हटला की संस्थेच्या समितीवर भागत नाही, फाइल केंद्रीय समितीकडे जाते. टोचायला मानवी एफजीएफआर३चा बाहेरचा भाग विकत घेतला. त्याला मागे मानवी अँटिबॉडीचं एफसी शेपूट जोडलेलं होतं. का घेतलं? स्वस्त होतं, बाटलीत टिकत होतं. पुढे काय होणार ते जाणकारांनी ओळखलं असेलच.

शेवटच्या इंजेक्शननंतर चौथ्या दिवशी रक्त काढलं. पांढऱ्या पेशी वेगळ्या करताना लाल पेशींचा थर त्यांच्यातच मिसळून आला. म्हटलं, लाल पेशी फोडून टाकू, माणसाच्या रक्ताला नेहमी करतो तसं. द्रावण घालून दहा मिनिटं थांबले, मग वीस. नळी उजेडाकडे धरली तर तळाशी लाल गोळी जशीच्या तशी. तिथल्या पशुवैद्यकांना हसू आवरेना. म्हणाले, मॅडम, हा उंट आहे, याच्या लाल पेशी लंबगोल असतात आणि पाण्याने दुपटीहून जास्त फुगल्या तरी फुटत नाहीत. तहानलेला उंट एका दमात शंभर लिटर पाणी पितो तो काय उगाच? शेवटी लाल पेशींसकटच आरएनए काढला.

मग सीरम टोचलेल्याच प्रथिनावर तपासलं. एलायझाची, म्हणजे अँटिबॉडी चिकटली की रंग येणाऱ्या चाचणीची, प्लेट पिवळीजर्द झाली. गाईडनी सगळ्या लॅबला चहा पाजला. मग त्या आरएनएवरून लायब्ररी बनवली, म्हणजे एकेक नॅनोबॉडी एकेका फेजवर (बॅक्टेरियाच्या विषाणूवर) बसवलेला संग्रह. दोन महिन्यांनी, त्यातून प्रथिनाला चिकटणारे निवडण्याच्या, म्हणजे पॅनिंगच्या, तीन फेऱ्या झाल्यावर, एफसी नसलेला, नुसता हिस-टॅगवाला (अगदी छोट्या शेपटाचा) एफजीएफआर३ हातात आला. त्याच सीरमची प्लेट लावली तर जवळजवळ पाण्यासारखी. शेजारी नुसत्या एफसीची प्लेट लावली, ती पिवळीजर्द. तपासलेल्या ४८ क्लोनपैकी (एकेक क्लोन म्हणजे एकेक नॅनोबॉडी) ४१ एफसीला चिकटतात. म्हणजे सांडणीने माझं औषध सोडून त्याच्या शेपटावर सगळा राग काढला.

गाईड म्हणतात, याच लायब्ररीतून पुन्हा शोध. सीनियर म्हणते, सिंथेटिक (प्राण्याशिवाय नळीत बनवलेली) लायब्ररी मागव आणि उंटाचा नाद सोड. मला स्वतःला पुन्हा टोचावंसं वाटतंय, पण आठ महिने. काय करू? लायब्ररी साधारण तीन कोटी क्लोनची आहे.

टवाळ

उंटावरचा शहाणा ऐकला होता, उंटाला शहाणं करायला निघालेलं कुणी पहिल्यांदाच पाहतोय. 😀 पण खरंच विचारतो, उंदीर काय वाईट होते?

कूर्चिका

उंदराची अँटिबॉडी दोन साखळ्यांची जोडी असते. जोडी तोडली की पकड सुटते आणि प्रथिनाचा चिकट भाग उघडा पडून गुठळ्या होतात. उंटाचा तुकडा मुळात एकटाच राहायला बनलेला असतो, बॅक्टेरियात स्वस्तात बनतो. आणि मला जायचंय कूर्चेत, तिथे आकार लहान असलेलाच बरा.

सांडणीस्वार

ताई, आधी एक दिलासा. हे सगळ्यांचं होतं, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. मी बारा वर्षं हेच काम करतोय, त्यातली पाच परदेशात लामांवर.

सांडणीचा दोष नाही. एफजीएफआर३चा बाहेरचा भाग सस्तन प्राण्यांत जवळजवळ सारखा असतो. तिच्या दृष्टीने तुम्ही तिलाच तिचं प्रथिन टोचलंत, आणि घरच्या माणसाला कोण चोर म्हणेल? मानवी एफसी मात्र तिला परका, म्हणून सगळा मोर्चा तिकडे वळला. त्यात एफसीमुळे प्रथिन जोडीने राहतं, म्हणजे तो आणखी ठळक दिसतो.

गाईडचं बरोबर आहे, पण 'याच लायब्ररीतून' म्हणजे मूळ लायब्ररीतून. तीन फेऱ्यांनंतरचा माल चाळत बसू नका, त्यात एफसीवालेच वाढून बसलेत. फ्रीजरमधली पहिली नळी काढा. प्रत्येक फेरीआधी फेज तासभर भरपूर मानवी आयजीजीत (एफसी असलेल्या साध्या अँटिबॉडीत) मुरवा, म्हणजे एफसीवाले तिथेच अडकतील. मग हिस-टॅगवाल्या एफजीएफआर३वर पॅनिंग. ते प्रथिन सरळ प्लास्टिकवर चिकटवू नका, त्याने घडी मोडते आणि मोडक्या प्रथिनाला चिकटणारे क्लोन मिळतात. बायोटिन लावून, बायोटिनला घट्ट धरणाऱ्या स्ट्रेप्टाविडिनवर पकडा. दुसरी फेरी एफजीएफआर३ असलेल्या पेशींवर घेता आली तर सोन्याहून पिवळं. आणि दोनच फेऱ्या करा. तिसऱ्या फेरीत जो क्लोन वेगाने वाढतो तो जिंकतो, चांगला पकडतो तोच जिंकेल असं नाही.

लायब्ररी बनवताना पहिल्या पीसीआरला (डीएनएच्या प्रती काढताना) जेलवर दोन पट्टे आले असतील, ९०० आणि ७०० अक्षरं लांबीचे. हलकी साखळी नसलेल्यांचा तो ७००चा. तो कापताना ९००चा अंश आला असेल तर लायब्ररीत साध्या अँटिबॉडीचे तुकडे घुसलेत. दहावीस क्लोनचा क्रम वाचून ३७, ४४, ४५, ४७ या हॉलमार्क जागा बघा, नॅनोबॉडीत तिथली अमिनो आम्लं वेगळी असतात, लगेच कळेल.

पुन्हा टोचायचंच असेल तर नव्या जनावरापेक्षा त्याच सांडणीला एफसी नसलेल्या प्रथिनाचा बूस्टर द्या. थोडी का होईना, आठवण तिच्याकडे असेल. पण परवानगीत दुरुस्ती लागेल, तो अर्ज आजच टाका. सिंथेटिक लायब्ररीबद्दल सीनियरचं चूक नाही. घरच्याला चोर न म्हणणं हे जनावराचं दुखणं, नळीतल्या लायब्ररीला ते नसतं. मी दोन्ही समांतर चालवले असते.

जाता जाता: ते ४१ क्लोन फेकू नका. मानवी एफसी पकडणारी चांगली नॅनोबॉडी कुठल्याही लॅबला दुय्यम अँटिबॉडी (दुसऱ्या अँटिबॉडीला धरून ती दाखवणारी) म्हणून हवी असते. चुकून का होईना, थीसिसचं एक प्रकरण झालं तुमचं.

कूर्चिका

सांडणीस्वार दादा, शेवटच्या परिच्छेदाबद्दल दंडवत. मूळ नळी आहे, उणे ८०मध्ये. क्रम उद्याच पाठवते.

हाडवैद्य

मी लॅबवाला नाही, मुलांच्या वाढीच्या तक्रारी बघतो. म्हणून दोन शंका, रागावू नका.

पहिली. तो ३८०वा बदल पेशीच्या पडद्यात रुतलेल्या भागात आहे. बाहेरून पकडणाऱ्या कुठल्याही रेणूला बिघडलेला रिसेप्टर आणि चांगला रिसेप्टर एकसारखेच दिसणार. तुमची नॅनोबॉडी दोघांनाही दाबेल. थोडं दाबणं हवंच आहे, पण ज्यांच्यात हा रिसेप्टर कामच करत नाही अशी माणसं नको तेवढी उंच होतात, पाठीला बाक येतो, ऐकू कमी येतं. म्हणजे डोसची वाट अरुंद आहे. अर्धवट दाबणारा क्लोन 'कमजोर' म्हणून टाकून देऊ नका, कदाचित तोच कामाचा.

दुसरी. हे रिसेप्टर जोडी जमली की चालू होतात. औषध शरीरात जास्त टिकावं म्हणून किंवा पकड घट्ट करायला लोक दोन नॅनोबॉडी एकापुढे एक शिवतात. इथे तसं केलंत तर दोन रिसेप्टर तुम्हीच जवळ आणाल. ब्रेक सोडवायला गेलात आणि आणखी दाबून आलात, असं व्हायचं. एकेरीच ठेवा.

एकेरी ठेवली की मूत्रपिंड तिला काही तासांत बाहेर काढणार. त्यावर रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला धरणारी दुसरी नॅनोबॉडी जोडतात, जपानमध्ये २०२२ला परवानगी मिळालेल्या ओझोरालिझुमॅबमध्ये तसंच केलंय. पण अल्ब्युमिन स्वतः ६६-६७ किलोडाल्टनचा. त्याच्या खांद्यावर बसून निघाल्यावर 'लहान म्हणून कूर्चेत शिरते' हा मुद्दा कितीसा उरला? ग्रोथ प्लेटमध्ये रक्तवाहिन्या नाहीत, सगळं झिरपूनच जायचं. हे आधी मोजा, नंतर स्वप्न बघा.

आणि तुलना कशाशी होणार तेही माहीत हवं. व्होसोरिटाइड हे याच आजारावरचं औषध २०२१पासून आहे. ३९ अमिनो आम्लांचा छोटा रेणू, रोज एक इंजेक्शन. तो रिसेप्टरला हातच लावत नाही, आतला संदेश पुढच्या नाक्यावर अडवतो. तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत वाढीचा वेग वर्षाला सुमारे १.५७ सेंटिमीटरने वाढला. तुमच्या नॅनोबॉडीला एकतर यापेक्षा जास्त द्यावं लागेल, नाहीतर रोजची सुई वाचवावी लागेल.

जाईजुई

मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा साडेतीन वर्षांचा आहे, त्याला हेच आहे. आमच्या दोघांच्या घरात कुणालाच नाही. हे उंटाचं औषध त्याच्या वेळेपर्यंत येईल का? खोटी आशा नको, खरं सांगा.

हाडवैद्य

जाईजुईताई, खरं सांगतो. हे काम अजून नळीतच आहे. त्याच्यासाठी याची वाट बघू नका.

घरात कुणाला नसणं हेच नेहमीचं, पाचातली चार मुलं अशीच असतात. बदल नव्याने होतो, कुणाच्या खाण्यापिण्याने किंवा चुकीने नाही. सासरमाहेरच्यांना हे ऐकवा. व्होसोरिटाइडबद्दल मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना विचारा. ते ग्रोथ प्लेट उघड्या आहेत तोवरच चालतं, म्हणून 'मोठा झाल्यावर बघू' असं करू नका. खर्च आणि मिळण्याची सोय त्यांच्याकडूनच कळेल. उंचीइतकंच महत्त्वाचं: झोपेत घोरणं, श्वास अडकणं, पाय लुळे वाटणं, वारंवार कान फुटणं यातलं काही असेल तर थांबू नका. कवटीच्या बुडाशी मज्जारज्जूची वाट अरुंद असू शकते. त्याची तपासणी झाली नसेल तर याच आठवड्यात करून घ्या.

जाईजुई

घोरतो. खूप घोरतो. आम्हाला वाटायचं थकून झोपतो म्हणून. सोमवारची वेळ घेतलीय. आणि कूर्चिका, तुझी सांडणी मुलाला फार आवडली, तिचं नाव विचारतोय.

कूर्चिका

तिचं नाव मूमल. तिला गूळ आवडतो, सांग त्याला.

कूर्चिका (पाच आठवड्यांनी)

अपडेट. सांडणीस्वार दादांनी सांगितलं तसं मूळ लायब्ररी आयजीजीत मुरवून दोनच फेऱ्या केल्या. ९६ क्लोनपैकी ७ हिस-टॅगवाल्या एफजीएफआर३ला धरतात, एफसीला नाही. क्रम वाचले तर सातांत तीनच कुटुंबं निघाली. हॉलमार्क जागा तिन्हींच्या ठीक. एक कुटुंब एफजीएफ९ला (या रिसेप्टरला चालू करणाऱ्या प्रथिनाला) रिसेप्टरवर बसू देत नाही, पण पुरतं नाही, निम्म्याच्या आसपास. हाडवैद्यांचं वाचलं नसतं तर ते मी बाद केलं असतं. बूस्टरचा अर्ज गेलाय, उत्तर नाही.

आता पुढचा पेच. उंदराच्या (रॅटच्या, माऊसच्या नव्हे) कर्करोगी कूर्चापेशींची आरसीएस ही ओळ या कामाला लागते. एफजीएफ घातलं की त्या पेशी वाढायच्या थांबतात, रिसेप्टर गप्प केला की पुन्हा वाढतात. कुणाकडे आहे का?

सांडणीस्वार

अभिनंदन! पण पेशी मागवण्याआधी एक गोष्ट तपासा. सांडणीने एफजीएफआर३चा जो भाग परका मानला, तो माणूस आणि उंट यांच्यात वेगळा आहे म्हणूनच मानला. तिथे उंदीरही वेगळा असण्याची शक्यता मोठी. आरसीएसमधला रिसेप्टर उंदराचा आहे, तुमची नॅनोबॉडी त्याला धरलीच नाही तर महिनाभर पेशी वाढवून काही दिसायचं नाही, आणि तुम्ही चांगला क्लोन टाकून द्याल. उंदराचा एफजीएफआर३ थोडासा विकत घ्या, आधी एलायझा लावा. हिस-टॅगवालाच घ्या हो.

कूर्चिका

एफसीवाला पुन्हा स्वस्त मिळतोय. 😅 नाही घेत. हिस-टॅगची ऑर्डर आत्ताच टाकली.