नॅशनल पार्कात ‘काहीच दिसत नाही’?

दहिसरकर: काल इथे एकांनी लिहिलं, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलो, सफारीत झाडाखाली पेंगणारा एक सिंह दिसला, बिबट्या दिसलाच नाही, माकडाने वेफर्सचं पाकीट पळवलं, त्यापेक्षा राणीची बाग बरी. फार लागलं मला ते, म्हणून सविस्तर लिहितोय. अहो, तो सिंह या जंगलाचा नाहीच, कुंपणातला आहे. इथला धनी बिबट्या, आणि तो भरदुपारी तुमच्या बससमोर येणार नाही. शहराच्या मधोमध सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगल उरलंय, तुळशी आणि विहार तलाव त्याच्या कुशीत, आमची दहिसर नदी तिथूनच निघते. आणि आपण मोजतो काय, तर प्राणी किती दिसले!

गेल्या भाद्रपदात परवानगी काढून पार्कातल्या शिलोंड्याच्या वाटेवर गेलो होतो. नाकापासून वीतभरावर जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याचं जाळं. ऊन आलं की धागा हळदीसारखा पिवळा दिसायचा. मधोमध मादी, पाय पसरले तर तळहात भरेल एवढी, आणि कडेला तांदळाच्या दाण्याएवढा नर, तिच्याकडे सरकायला घाबरणारा. मी पंधरा मिनिटं जागचा हललो नाही. 2024 मध्ये कारवीची झुडपं फुलली, आठ वर्षांनी. तेव्हा कितीजण गेलात? आता थेट 2032.

चारकोपची ताई: दादा, तुम्ही एकटे गेला होतात. मी दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन लोकलने जाते, आठवड्याच्या एकुलत्या एका सुट्टीला. धाकट्याने सिंह पाहिला आणि आनंदाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. त्यात कमीपणा कसला? ज्यांना पक्ष्यांची नावं पाठ, त्यांचंच जंगल का? सोबत सांगणारं कुणी नसेल तर आम्हाला झाड म्हणजे झाडच.

मुलुंड पश्चिम: बिबट्या बघायचाय? आमच्याकडे या. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर बसलेला कॅमेऱ्यात आलाय. वॉचमन रात्री केबिनबाहेर पाऊल टाकत नाही. 2004 च्या जूनमध्ये माणसं मेली होती, विसरलात? तुमचं निसर्गप्रेम आमच्या पोरांच्या जिवावर नको.

दहिसरकर: विसरलो नाही. दुसरीकडे पकडलेले बिबटे आणून या जंगलात सोडले जात, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. 2018 मध्ये जंगलात आपोआप फोटो काढणारे कॅमेरे (कॅमेरा ट्रॅप) लावून केलेल्या मोजणीत इथे आणि आसपास 47 बिबटे निघाले. रोज माणसावर झडप घालायची असती तर काय झालं असतं? तो भिंतीवर येतो कुत्र्यांसाठी. कुत्री येतात उघड्या कचऱ्यासाठी. कचरा कुणाचा? आणि फ्लॅट घेताना खिडकीतून जंगल दिसतं म्हणून जास्त पैसे मोजलेत ना?

मुलुंड पश्चिम: खिडकीवर जाऊ नका! आयुष्यभराची कमाई घातलीय त्या घरात. कचऱ्याची गाडी दोन-दोन दिवस फिरकत नाही, तो काय आम्ही उरावर घेऊन बसायचा? शेजारच्यांचा कुत्रा गेला, त्यांच्या मुलीने आठवडाभर नीट जेवण केलं नाही. हे तुमच्या कोळ्याच्या गोष्टीत बसतं का?

पाड्यावरचा: मी वारली, जंगलातल्याच पाड्यात वाढलो. आमच्याकडे वाघबारसेला वाघदेव पुजतात. आजी सांगायची, अंधार पडला की पोराला एकटं बाहेर धाडायचं नाही, परसाकडेला दोघांनी जायचं, बोलत जायचं. आमच्या घराला तर कुंपणाची भिंतही नाही. मुलुंडचे दादा, भीती आम्हालाही आहे, फक्त आम्ही तिच्यासोबत राहायला शिकलो. आणि दहिसरचे काका, तुम्ही झाडं, नदी, कोळी, सगळं लिहिलंत. माणसं राहतात हे एका ओळीत तरी यायला हवं होतं.

दहिसरकर: बरोबर आहे तुमचं. चुकलं माझं.

मुलुंड पश्चिम: लाइटचा खांब आणि कचरापेटीचं झाकण, हे दोन विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये घेतो. पण फ्लॅटवरून जे बोललात, ते मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

चारकोपची ताई: कुत्र्यांचं एवढं चाललंय म्हणून खरं सांगते. वेफर्स आम्ही देत नाही, पण सासूबाई दर शनिवारी मारुतीच्या नावाने माकडांना केळी घालतात. गेल्या वेळी त्यातल्याच एकाने शेजारच्या बाईच्या लेकराच्या हातातली पिशवी ओरबाडली, पोराच्या मनगटावर नखं उठली. सासूबाईंचा चेहरा उतरला होता. त्यांच्याशी बोलते, ऐकतील असं नाही. सिंह मात्र मी मुलांना दाखवणारच. आणि दादा, ते जाळं साधारण कुठल्या वळणावर होतं? पाऊस ओसरला की थोरलीला घेऊन जाईन, तिला किडेमुंग्यांचं वेड आहे.