प्रमाणपत्राच्या इशाऱ्यात ‘तरीही पुढे जा’ हे बटण ठेवावे का?

प्रश्न

आम्ही कार्यालयांसाठी ईमेलचे डेस्कटॉप सॉफ्टवेअर तयार करत आहोत. सर्व्हरचे टीएलएस प्रमाणपत्र (कूटबद्ध जोडणीच्या टीएलएस पद्धतीत सर्व्हरची ओळख पटवणारे प्रमाणपत्र) पडताळणीत नापास झाले, तर सध्या ‘हे प्रमाणपत्र विश्वासार्ह नाही, पुढे जायचे का?’ असे विचारणारी चौकट उघडते आणि चाचणीत बहुतेकांनी ती न वाचताच ‘हो’ दाबले. ते बटण काढून टाकावे, तर सेल्फ-साइन्ड, म्हणजे मान्य संस्थेकडून न घेता स्वतःच सही केलेले, प्रमाणपत्र वापरणाऱ्या कार्यालयांचे काम अडते. शिवाय सेटिंग्जमध्ये टीएलएसच्या प्रत्येक आवृत्तीसमोर चेकबॉक्स आहे. यातले काय ठेवावे?

प्रतिसाद १

ज्याच्याकडे उत्तर देण्यासाठी लागणारी माहितीच नाही, अशा माणसाला ही चौकट प्रश्न विचारते, हे मला दोषाचे मूळ वाटते. मुदत संपली आहे, नाव जुळत नाही, प्रमाणपत्र देणारी संस्था अनोळखी आहे की संगणकाचेच घड्याळ चुकल्याने चांगले प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे वाटते आहे, हे सॉफ्टवेअरने आधी ओळखावे आणि तेवढेच सांगावे.

ब्राउझरांचा अनुभव येथे उपयोगी पडेल. २०१३ च्या एका अभ्यासात क्रोमचे सुमारे ७० टक्के टीएलएस इशारे वापरकर्त्यांनी ओलांडलेले आढळले, तर फायरफॉक्सचे सुमारे ३३ टक्के. फायरफॉक्समध्ये अपवाद जोडण्यासाठी अनेक पायऱ्या होत्या हे खरे. पण एकदा दिलेला अपवाद तेथे कायमचा जतन होत असल्याने इशारा पुन्हा दिसत नसे, आणि त्यामुळे ही तुलना तितकी सरळ राहत नाही. पुढे गूगलने क्रोमच्या इशाऱ्याची भाषा सोपी केली, सुरक्षित पर्यायाचे बटण ठळक केले आणि पुढे जाण्याचा दुवा ‘प्रगत’ या भागात हलवला. त्यानंतर मागे फिरणाऱ्यांचे प्रमाण बरेच वाढले, मात्र इशाऱ्याचा अर्थ लोकांना नीट समजावा हा हेतू साध्य झाला नाही, असे २०१५ च्या शोधनिबंधात संशोधकांनीच नोंदवले आहे. म्हणून केवळ शब्दरचनेवर विसंबू नये.

प्रतिसाद २

ईमेलचे सॉफ्टवेअर रोज त्याच सर्व्हरशी बोलते, त्यामुळे विश्वासाचा निर्णय खाते जोडतानाच, म्हणजे सहसा सिस्टीम अ‍ॅडमिन समोर असतानाच, घेता येतो. त्या वेळी अ‍ॅडमिनकडून मिळालेला एसएचए-२५६ फिंगरप्रिंट (प्रमाणपत्रावरून गणिताने काढलेली त्याची ओळखखूण) चिकटवण्यासाठी रकाना द्यावा आणि तुलना सॉफ्टवेअरनेच करावी, कारण ६४ अक्षरांची ओळ डोळ्यांनी ताडताना माणसे सुरुवातीची आणि शेवटची काही अक्षरेच पाहतात. अपवाद त्या सर्व्हरपुरता, त्या पोर्टपुरता आणि त्याच प्रमाणपत्रापुरता असावा. प्रमाणपत्र बदलल्यास जुने आणि नवे दोन्ही दाखवावे, आणि तपासणी पूर्ण होईपर्यंत पासवर्ड सर्व्हरकडे जाता कामा नये.

सेल्फ-साइन्ड प्रमाणपत्रांच्या अडचणीवर उपाय म्हणून कार्यालयाचे रूट प्रमाणपत्र (ज्याच्या आधारे इतर प्रमाणपत्रे दिली जातात ते मूळ प्रमाणपत्र) सरसकट आयात करण्याची सोय कृपया देऊ नये. रूटवर विश्वास ठेवला की त्याखालून कोणत्याही डोमेनसाठी प्रमाणपत्र निघू शकते. जुलै २०१४ मध्ये भारताच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणन यंत्रणेतून गूगलच्या डोमेनसाठी निघालेली अनधिकृत प्रमाणपत्रे सापडली होती. विंडोजच्या विश्वासार्ह रूटच्या यादीत संबंधित भारतीय रूट असल्याने तेथे ती वैध ठरत होती, तर स्वतःची वेगळी यादी असलेल्या फायरफॉक्सला हा धोका नव्हता.

प्रतिसाद ३

टीएलएसचे चेकबॉक्स काढून टाकावेत असे माझे ठाम मत आहे. आवृत्ती १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने अधिकृतपणे कालबाह्य ठरवल्या. सामान्य वापरकर्त्याने तेथे केलेल्या बदलाने एकतर सुरक्षा कमी होईल, नाहीतर ईमेल बंद पडेल. अगदी जुना सर्व्हर चालवावाच लागत असेल, तर ती सूट अ‍ॅडमिनच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ठेवावी. सेटिंग्जमध्ये आतापर्यंत दिलेल्या अपवादांची यादी मात्र अवश्य हवी, प्रत्येकासमोर तारीख आणि ‘काढून टाका’ हे बटण असलेली. नेमकी हीच गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. फिंगरप्रिंटचा रकाना आणि अपवादांची यादी आम्ही स्वीकारत आहोत. एक शंका उरते: घड्याळ चुकले आहे हे ओळखायचे कसे? ज्या सर्व्हरची पडताळणीच झालेली नाही, त्याने सांगितलेली वेळ खरी मानता येणार नाही.

प्रतिसाद १

आपल्या सॉफ्टवेअरच्या बिल्डची, म्हणजे ती आवृत्ती तयार झाल्याची, तारीख त्यातच नोंदवून ठेवावी. संगणकाची तारीख त्याहून मागची असेल, तर घड्याळ निश्चितच चुकलेले आहे. अशा वेळी प्रमाणपत्राचा उल्लेखही न करता तारीख दुरुस्त करण्याच्या सेटिंगकडे थेट नेणारे बटण दाखवावे.