मदत हवी आहे: पोल्ड, टेंडर्ड, कास्टिंग, मिडटर्म... मतदानाच्या इंग्रजीत अडकलोय

नमस्कार. मी जिंतूर तालुक्यात जि.प. शिक्षक. निवडणूक ड्युटी लागली की प्रशिक्षणात हे शब्द कानावर पडतातच, आणि आता पोरगी स्पर्धा परीक्षेसाठी इंग्रजी पेपर वाचायलीय, तर घरीही तेच. डिक्शनरीत अर्थ सापडतो, पण वापर उमगत नाही.

१. 'ही पोल्ड फोर्टी थाउजंड व्होट्स' म्हणजे त्यानं मतं दिली की त्याला पडली?
२. 'टेंडर्ड व्होट'. प्रशिक्षणात मागून एक जण म्हणाला, "रस्त्याचं निघतंय तसं मताचं पण टेंडर निघायलंय का?" हशात खरा अर्थ राहूनच गेला.
३. 'कास्ट अ व्होट' आणि 'कास्टिंग व्होट' एकच का? (आमच्याकडं 'कास्ट' म्हटलं की आधी जातच आठवते, तो भाग वेगळा.)
४. १९७१ ची लोकसभा मुदतीच्या वर्षभर आधी झाली, म्हणून मिडटर्म. अमेरिकेत तर ती वेळेवर होते, मग मिडटर्म कशी?

प्रतिसाद १:
सर, टेंडर म्हणजे इथं 'सादर करणे'. मतदार केंद्रावर येतो आणि त्याच्या नावावर आधीच कुणीतरी मत टाकून गेलेलं असतं. केंद्राध्यक्षाची ओळखीबद्दल खात्री पटली, तर त्याला मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर मत देता येतं. ती वेगळ्या लिफाफ्यात जाते आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत. मराठीत प्रदत्त मत. 'चॅलेंज्ड व्होट'शी गल्लत नको. त्यात पोलिंग एजंट दोन रुपये भरून मतदाराच्या ओळखीवरच आक्षेप घेतो.

प्रतिसाद २:
पोल्ड: उमेदवार कर्ता असेल तर त्याला पडलेली मतं. 'व्होट्स पोल्ड' असं आलं तर एकूण झालेलं मतदान.
कास्ट अ व्होट म्हणजे मत देणं, ते कुणीही देतं. कास्टिंग व्होट फक्त अध्यक्षाचं, तेही समसमान मतं पडल्यावर. लोकसभेचे अध्यक्ष एरवी मत देत नाहीत, कलम १०० बघा.
मिडटर्म: तिकडं राष्ट्राध्यक्षाची मुदत चार वर्षांची. तिच्या मध्यावर, म्हणजे दोन वर्षांनी, प्रतिनिधिगृहाच्या सर्व ४३५ आणि सिनेटच्या साधारण एक तृतीयांश जागांसाठी निवडणूक होते. मुदत राष्ट्राध्यक्षाची मोजायची, सभागृहाची नाही.

धागाकर्ता:
लिफाफ्याचं एकदम क्लिअर झालं, पुढच्या ड्युटीला कामाला येईल. पोरगी आता 'व्हिप' घेऊन बसलीय. पक्षाचा आदेश एवढं माहीत आहे, पण 'थ्री-लाइन व्हिप' काय असतं?