आधी मैदान, मग बढती

'आधी वरच्या लीगमध्ये जाऊ द्या, प्रेक्षक आपोआप येतील' असं रग्बी क्लबांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते मला पटत नाही. इंग्लंडमधल्या लंडन वेल्श या रग्बी क्लबने तेच केलं. २०१२ मध्ये प्रीमियरशिप, म्हणजे तिथली सर्वोच्च लीग मिळाली, पण त्यांचं रिचमंडचं मैदान लीगच्या निकषात बसेना, म्हणून घरचे सामने थेट ऑक्सफर्डला! जुना प्रेक्षक तिकडे का जाईल? २०१४-१५ च्या हंगामात लीगचे २२ च्या २२ सामने हरले आणि २०१७ च्या सुरुवातीला व्यावसायिक संघच बंद पडला. हौशी संघ मात्र आजही जुन्या मैदानावर खेळतो.

एक्सेटर या दुसऱ्या इंग्लिश क्लबने उलट क्रम धरला. दुसऱ्या श्रेणीत असतानाच, २००६ मध्ये, सँडी पार्क हे स्वतःचं मैदान उभं केलं. तिथे परिषदा, समारंभ होतात, त्यामुळे सामना नसतानाही पैसा येत राहतो (हे आपल्याकडच्या जिमखान्यांना सांगायला नको). बढती मिळाली २०१० मध्ये, विजेतेपद २०१७ मध्ये. प्रशिक्षक रॉब बॅक्स्टर तर क्लबचाच जुना कर्णधार, म्हणजे गावाला ओळखीचा चेहरा.

अर्थात त्यांच्यासाठी बढतीचं दार तरी उघडं होतं. ईलिंग या लंडनच्या क्लबने २०२२ मध्ये दुसरी श्रेणी जिंकूनही मैदानाची क्षमता कमी म्हणून त्यांना वर घेतलं नाही.